दहाव्या खंडाचे वाचक

रॉबर्ट जॉर्डन यांच्या ‘द व्हील ऑफ टाइम’ या मालिकेचा दहावा खंड, ‘क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट’, जानेवारी २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. नववा खंड आला होता २००० साली, आणि त्याच्या शेवटच्या प्रकरणात त्या काल्पनिक जगाची सारी घडीच बदलून टाकणारी घटना घडली होती. पुढे काय होणार, या एकाच प्रश्नावर वाचकांनी दोन वर्षांहून अधिक काळ काढला. नवा खंड उघडून पाहतात तो कथा पुढे सरकायलाच तयार नाही! ती मोठी घटना घडत होती त्या वेळी इतर पात्रे कुठे होती, काय करत होती, दूरवरून त्यांना काय जाणवले, याचेच वर्णन पानांमागून पाने. जो तो आपल्या जागी थांबून त्या दिशेला पाहतो आहे आणि मग पुन्हा आपापल्या कामाला लागतो आहे. वाचक चिडले. जॉर्डन यांच्या निष्ठावंतांनीही त्या वेळी जी मते मांडली ती लेखकाचा शत्रूही मांडणार नाही इतकी कडू होती.

या मालिकेविषयी दोन वाचक बोलू लागले की आजही गाडी याच खंडावर येऊन थांबते. सातव्या किंवा आठव्यापासून दहाव्यापर्यंतच्या पट्ट्याला इंग्रजी वाचकांनी ‘स्लॉग’ असे नावच देऊन टाकले आहे. चिखलातून पाय ओढत चालावे तसे वाचन. मात्र अलीकडे एक गोष्ट ठळकपणे दिसते. ज्यांनी ही मालिका २०१३ नंतर, म्हणजे ती पूर्ण झाल्यावर हाती घेतली, त्यांतल्या पुष्कळांना हा चिखल तितकासा लागतच नाही. दहावा खंड संथ आहे, असे ते म्हणतात, आणि लगेच अकराव्याबद्दल बोलू लागतात. जुन्या वाचकांना हे ऐकून रागच येतो. आपण जे सोसले त्याची यांना कल्पना नाही, असा त्यांचा सूर असतो. पुस्तक तेच, शब्द तेच आणि मते मात्र इतकी वेगळी, हे का?

उत्तर वाचकांच्या बुद्धीत किंवा अभिरुचीत शोधण्याची गरज नाही. ते पंचांगात आहे. पेरिन या नायकाच्या बायकोचे, फाएलचे, अपहरण होते आठव्या खंडाच्या शेवटाकडे, आणि तिची सुटका होते अकराव्यात. सलग वाचणाऱ्याला हा प्रवास काही आठवड्यांचा. पण आठवा खंड १९९८ चा आणि अकरावा २००५ चा. ज्याने प्रत्येक खंड बाजारात येताच घेतला त्याच्यासाठी फाएल सात वर्षे कैदेत होती. मॅट नावाचे दुसरे लाडके पात्र १९९६ च्या सातव्या खंडाच्या अखेरीस कोसळत्या भिंतीखाली सापडते. आठव्या खंडात त्याचे नावनिशाण नाही. तो पुन्हा भेटतो थेट २००० साली. चार वर्षे भिंतीखाली ठेवलेल्या पात्राबद्दल वाचकाने शांतपणे मत द्यावे, ही अपेक्षाच जास्त झाली.

म्हणून अशा लांब मालिकांबद्दलची मते ऐकताना मत देणाऱ्याने ती केव्हा आणि कशी वाचली हे आधी विचारले पाहिजे, असे आमचे म्हणणे आहे. चालू मालिकेच्या वाचकाने पुस्तकाइतकाच वाट पाहण्याचा काळही वाचलेला असतो आणि त्याचे मत त्या दोन्हींवरचे असते. यात त्याची चूक काही नाही. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ‘करमणूक’मधून आठवड्या-आठवड्याने वाचणाऱ्याची यमू आणि आज एका बैठकीत कादंबरी संपवणाऱ्याची यमू यांच्यात फरक पडणारच. जॉर्डनच्या बाबतीत हा हिशेब आठवड्यांऐवजी वर्षांचा होता, इतकेच.

ज्यांना या मालिकेची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती. रॉबर्ट जॉर्डन हे टोपणनाव. लेखकाचे खरे नाव जेम्स ऑलिव्हर रिग्नी. जन्म १९४८ चा, अमेरिकेतील साउथ कॅरोलायना राज्यातील चार्ल्स्टनचा. व्हिएतनाम युद्धात ते हेलिकॉप्टरवर बंदूकधारी म्हणून दोन वेळा जाऊन आले, परतल्यावर ‘द सिटाडेल’ या लष्करी महाविद्यालयातून भौतिकशास्त्राची पदवी घेतली आणि नौदलासाठी अणुअभियंता म्हणून काम केले. मालिकेचा पहिला खंड ‘द आय ऑफ द वर्ल्ड’ १९९० मध्ये आला. आडगावातल्या काही तरुण-तरुणींपासून सुरू झालेली ही कथा पुढे अडीच हजारांहून जास्त नावाजोगी पात्रे, डझनभर राज्ये आणि दोन खंडभूमी व्यापते. तिच्या मुळाशी कल्पना आहे ती काळाच्या चाकाची. सात युगे फिरून फिरून येतात, माणसे पुन्हा जन्मतात, आणि आज जी आठवण आहे ती उद्या दंतकथा होते. युगांच्या फेऱ्याची ही कल्पना जॉर्डन यांनी हिंदू आणि बौद्ध विचारातून घेतली. त्यामुळे मराठी वाचकाला पहिल्या पानावरच ओळखीचे काहीतरी भेटते. अर्थात त्यावरून ही कथा ‘आपलीच’ आहे असे म्हणत सुटण्यात अर्थ नाही. तिचे कपडे, राजकारण आणि दाढीमिशा सगळे युरोपीय दंतकथांतले आहे, आणि सैनिकाच्या मनाचे वर्णन व्हिएतनाममधून आले आहे.

या मालिकेबद्दल मतभेद होतात ते प्रामुख्याने तीन-चार गोष्टींवर. त्यांतला सर्वांत आवेशाचा वाद लांबीचा आहे. टॉर या प्रकाशनसंस्थेचे टॉम डोहर्टी यांनी जॉर्डनशी करार केला तो सहा पुस्तकांचा. जॉर्डन यांच्या मनात तर त्याहूनही छोटा आराखडा होता. झाली चौदा, आणि त्याशिवाय पूर्वकथेचे एक छोटे पुस्तक. हे पाहून एक आरोप हमखास होतो. जॉर्डन यांच्या पत्नी हॅरिएट मॅक्डूगल याच त्यांच्या संपादक होत्या. घरचीच संपादक, तेव्हा कात्री कोण लावणार? दुसरा आरोप पैशाचा. आठव्या खंडापासून पुढचे प्रत्येक पुस्तक ‘न्यू यॉर्क टाइम्स’च्या विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर गेले. तक्रारी वाढत होत्या त्याच काळात खप शिखरावर होता, तेव्हा लेखकाने मुद्दाम लांबण लावली, असे म्हणणाऱ्यांना आयताच पुरावा मिळाला.

हे दोन्ही आरोप सोपे आहेत आणि दोन्हींविरुद्ध एक मोठा पुरावा आहे. जॉर्डन यांना हृदयाचा अमायलॉइडोसिस हा दुर्मीळ आजार झाल्याचे २००६ मध्ये जाहीर झाले आणि १६ सप्टेंबर २००७ रोजी ते गेले. तेव्हा बारावा आणि शेवटचा खंड बाकी होता. तो एकच असेल, मग तो कितीही जाड होवो, असे जॉर्डन शेवटपर्यंत सांगत होते. हॅरिएट यांनी ते काम ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाकडे सोपवले. जॉर्डन यांच्या निधनानंतर त्याने लिहिलेला श्रद्धांजलीचा लेख त्यांच्या वाचनात आला होता. मग त्याची कादंबरी वाचून त्यांनी निर्णय घेतला. सँडरसन यांनी जॉर्डनची टिपणे आणि लिहून ठेवलेली प्रकरणे हाती घेतली, आणि त्या एका खंडाचे तीन झाले: २००९, २०१० आणि २०१३ मध्ये. सँडरसन भराभर लिहिणारा, कथा हाकणारा लेखक आहे. रेंगाळणे त्याच्या स्वभावात नाही. त्यालाही तीन जाडजूड पुस्तके लागली, याचा अर्थ जॉर्डन यांनी उघडून ठेवलेले धागे खरेच तितके होते. लांबी मूळ आराखड्याच्या पोटातच होती. पात्रागणिक स्वतंत्र कथा, प्रत्येकाला स्वतःचा दृष्टिकोन आणि प्रत्येक दृष्टिकोनाला न्याय, अशी प्रतिज्ञा केली की पुस्तके फुगतातच.

दहाव्या खंडाचा प्रयोग मात्र फसला, हे मान्य करायला हवे. जॉर्डन यांनीही पुढे बोलताना त्या खंडाची रचना आपण आज केली नसती, अशी कबुली दिली होती. एकच क्षण अनेकांच्या नजरेतून दाखवण्याची कल्पना वाईट नव्हती. पण ती सगळ्या पुस्तकाचा कणा होऊ शकत नाही. तेव्हा नव्या वाचकाला तो खंड हलका वाटतो म्हणून जुन्यांची तक्रार खोटी ठरत नाही. अकरावा खंड हाताशी असला की दहाव्याचे दोष पटकन ओलांडता येतात, एवढेच.

दुसरा वाद स्त्रीपात्रांचा. या जगात जादूची शक्ती दोन अंगांची आहे; पुरुषांचे अंग विटाळलेले आहे, ते वापरणारा पुरुष शेवटी वेडा होतो. परिणामी तीन हजार वर्षे सत्ता, विद्या आणि कारस्थाने सारी स्त्रियांच्या एका संघाच्या हातात. १९९० च्या दशकातल्या इंग्रजी अद्भुत कादंबरीत हे नवे होते आणि अनेक स्त्री-वाचकांनी या पुस्तकांवर प्रेम केले ते त्यामुळे. त्याच पुस्तकांत नायनीव्ह ही नायिका रागावली की वेणी ओढते, पुन्हा ओढते, आणखी ओढते; बायका झगे सारखे करत राहतात; आणि प्रत्येक स्त्रीला पुरुष मूर्ख वाटतात, प्रत्येक पुरुषाला स्त्रिया अगम्य. सोळाव्या वर्षी हसू आणणारी ही लकब चाळिशीत वाचताना दात खायला लावते. इथेही पुस्तक बदललेले नाही, वाचणारा बदलला आहे. आमच्या मते या बाबतीत टीकाकारांची बाजू अधिक वजनदार आहे. स्त्रियांना सत्ता देण्याचे धाडस जॉर्डन यांनी केले, पण त्यांना एकमेकींपासून वेगळा आवाज देण्यात ते वारंवार कमी पडले. नायनीव्हच त्याला अपवाद आहे. वेणीपलीकडे पाहिले तर सगळ्या मालिकेत सर्वाधिक वाढणारे पात्र बहुधा तीच.

सँडरसनच्या तीन खंडांवर तर वाचकांत सरळ दोन पक्ष आहेत. कथेला वेग आला, अडलेली गाडी सुटली, म्हणून एक पक्ष त्याला उचलून धरतो. दुसऱ्याचे म्हणणे असे की भाषा सपाट झाली आणि मॅट तर मॅट राहिलाच नाही. जॉर्डनचा मॅट विनोदी वाटतो तो त्याला आपण विनोदी आहोत हे कळत नाही म्हणून. सँडरसनचा मॅट विनोद करतो. बाराव्या खंडातला मॅट जमला नाही हे सँडरसन यांनी स्वतः मोकळेपणाने मान्य केले. दुसऱ्याच्या घरात राहून त्याचाच स्वयंपाक करायचा आणि चवही त्याच्याच हातची हवी, हे काम किती अवघड! तरीही त्या शेवटच्या खंडात जवळपास दोनशे पानांचे एकच प्रकरण आहे, अंतिम युद्धाचे, आणि ते वाचताना हात थांबत नाही. मालिकेचा अगदी शेवट मात्र जॉर्डन यांनी स्वतः लिहून ठेवला होता. पहिल्या खंडापासून बरोबर असलेल्या वाचकांना ती पाने ओळखू आली असणार.

मते मांडणे काही सगळेच निवाड्याचे नसते. यातले बरेचसे बोलणे कोड्यांचे आहे, आणि आमच्या लेखी या वाचकवर्गाची सर्वांत मोहक बाजू तीच. १९९३ च्या पाचव्या खंडाच्या अखेरीस आसमोडियन नावाचा एक खलपुरुष दार उघडतो, समोरच्याला ओळखतो आणि मरतो. मारणारा कोण हे सांगितलेले नाही. जॉर्डन म्हणत, पुस्तकातच सगळे आहे, उघड आहे. वाचकांना काही ते उघड दिसेना. वेळापत्रके मांडली गेली, कोणता संशयित त्या दिवशी कुठे होता याचे नकाशे झाले, एकेका शब्दावर युक्तिवाद झाले. लेखकाला विचारावे तर त्यांचे ठरलेले उत्तर: वाचा, कळेल. उत्तर छापले गेले २०१० मध्ये, तेराव्या खंडाच्या शब्दसूचीत, एका नोंदीत सहज आल्यासारखे. सतरा वर्षांच्या वादाचा असा निकाल! कित्येकांना ते वाचून हसू आले, कित्येकांना फसवणूक वाटली. (मारणाऱ्याचे नाव इथे देत नाही, मालिका अजून न वाचलेल्यांशी तेवढा सभ्यपणा राखायला हवा.)

ज्याला आज पाचव्या खंडानंतर तासाभरात उत्तर शोधून मिळते, त्याला हा खेळ मिळत नाही. वाट पाहण्याचा काळ केवळ त्रासाचा नव्हता. त्याने वाचकांना बारकाईने वाचायला लावले. भाकिते, स्वप्ने, पात्रांच्या डोक्याभोवती दिसणाऱ्या खुणा अशा अनेक गोष्टी जॉर्डन यांनी पाच-पाच खंड आधी पेरल्या होत्या. नव्या खंडाची वाट पाहता पाहता जुने पुन्हा वाचणाऱ्यांनाच त्या सापडल्या. आज या मालिकेबद्दल जे अभ्यासू बोलणे होते त्याचा पाया त्या रिकाम्या वर्षांत घातला गेला. दहाव्या खंडावर सर्वाधिक चिडलेले लोक आणि मालिकेचे सर्वांत चांगले जाणकार हे बऱ्याचदा एकच असतात, हे लक्षात घेतले तर त्यांचा राग वेगळा दिसू लागतो.

मालिकेचा न्याय एकत्र करायचा की खंडागणिक, हा प्रश्न २०१४ मध्ये औपचारिकपणेच पुढे आला. ह्यूगो हा विज्ञान व अद्भुत साहित्याचा मानाचा पुरस्कार वाचकांच्या मतांनी दिला जातो. त्याच्या नियमांतील एका वाटेने ‘द व्हील ऑफ टाइम’चे चौदाही खंड मिळून ‘सर्वोत्कृष्ट कादंबरी’ म्हणून नामांकनात आले. प्रकाशकांनी सगळी मालिका मतदारांना ई-पुस्तकांच्या रूपात देऊ केली. आता मतदानाच्या मुदतीत, काही महिन्यांत, चौदा ठोकळे कोण वाचणार? ज्यांनी आधीच वाचले होते त्यांचे मत ठरलेले, ज्यांनी वाचले नव्हते त्यांना ते ठरवणे अशक्य. पुरस्कार अॅन लेकी यांच्या ‘अॅन्सिलरी जस्टिस’ला मिळाला, आणि ते योग्यच झाले असे आम्हाला वाटते. पुढे २०१७ पासून ह्यूगोमध्ये मालिकांसाठी वेगळा विभाग आला. चौदा खंडांना एक कादंबरी म्हणणे नियमात बसत असेल, वाचनात बसत नाही.

अॅमेझॉनच्या दूरचित्र-मालिकेने या चर्चेत आणखी एक पिढी आणली. नोव्हेंबर २०२१ मध्ये ती सुरू झाली, तिचे तीन मोसम झाले आणि मे २०२५ मध्ये ती बंद केल्याचे जाहीर झाले. पहिल्याच भागात पेरिनला पुस्तकात नसलेली बायको दिली आणि त्याच्याच हातून ती मारली गेली, तेव्हा वाचकांचा जो संताप झाला तो समजण्यासारखा होता. तिसरा मोसम मात्र समीक्षकांना आणि अनेक जुन्या वाचकांनाही आवडला, आणि नेमकी तेव्हाच मालिका आटोपली. ती पाहून पुस्तकांकडे वळलेले वाचक आता चौदा खंडांच्या रांगेपुढे उभे आहेत, आणि त्यांना सल्ला देणाऱ्यांची कमी नाही. दहावा गाळा, म्हणतात काही. सारांश वाचून पुढे जा, म्हणतात दुसरे. मायकेल क्रेमर आणि केट रीडिंग या दांपत्याच्या आवाजातली ध्वनिपुस्तके ऐका, म्हणजे स्वयंपाक करता करता किंवा लोकलमध्ये उभ्याउभ्या तो चिखल पार होतो, हा तिसरा सल्ला त्यातल्या त्यात शहाणपणाचा.

पूर्वकथेचे पुस्तक, ‘न्यू स्प्रिंग’, केव्हा वाचावे यावरही वाद आहेच. घटनाक्रमाने ते सगळ्यांत आधीचे. काही जण तिथूनच सुरुवात करायला सांगतात, आणि तो सल्ला आम्हाला मुळीच मान्य नाही, कारण पहिल्या खंडाने जपून ठेवलेली रहस्ये त्यात पहिल्या पन्नास पानांत उघडी पडतात. ते प्रसिद्ध झाले २००४ साली, दहाव्या आणि अकराव्या खंडांच्या मधे. दहाव्याने वैतागलेल्या वाचकांना तेव्हा अकरावा हवा होता, आणि लेखक वीस वर्षे मागची गोष्ट सांगत बसला म्हणून त्यांनी बोटे मोडली. आज त्याच जागी ते वाचून पाहावे. इतर खंडांच्या साधारण निम्म्याएवढे पुस्तक, दोनच मुख्य पात्रे, सरळ पळणारी कथा, आणि पाचव्या खंडानंतर जिला वाचक शोधत असतो ती म्वॉरेन इथे तरुणपणी भेटते. दहाव्यानंतर दम घ्यायला याहून चांगली जागा सगळ्या मालिकेत नाही.